पिकांवरील ताण आणि नॅनोकण : एका दाव्याची चिकित्सा

पाण्याचा तुटवडा, क्षारयुक्त जमीन व वाढते तापमान यांमुळे पिकांवर येणारा अजैविक ताण नॅनोकणांच्या साहाय्याने कमी करता येतो, असे प्रतिपादन करणारे शोधनिबंध गेल्या दोन दशकांत विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनामागील पुराव्याची चिकित्सा करावयाची आहे.

या संशोधनाला तात्त्विक आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ताणाच्या स्थितीत पेशींमध्ये क्रियाशील ऑक्सिजन संयुगे साचतात व प्रकाशसंश्लेषण मंदावते. सिरियम ऑक्साइडचे ऋणप्रभारित नॅनोकण ही संयुगे निष्प्रभ करतात, हे वू, टिटो व गिराल्डो यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. मात्र त्यांचा प्रयोग अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील वनस्पतीवर होता. शेतातील ज्वारी किंवा तुरीवर नव्हता.

दुसरा आक्षेप तुलनेविषयीचा आहे. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण अंशतः विरघळून जस्ताचे आयन मुक्त करतात. महाराष्ट्रातील अनेक जमिनींत जस्ताची कमतरता आहे. अशा जमिनीत रोप सुधारले, तर त्याचे श्रेय कणाच्या आकाराला द्यावे की केवळ जस्ताला? तेवढेच जस्त झिंक सल्फेटमधून देऊन तुलना केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रयोगशाळा व शेत यांतील अंतर नॅनो युरियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हे ताणनिवारक द्रव्य नव्हे, तरी त्यातून मिळणारा धडा येथे लागू पडतो. २०२१ मध्ये इफ्कोने बाजारात आणलेल्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र होते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ते २० किलोहून अधिक असते. तरीही एक बाटली एका गोणीची जागा घेईल, असा दावा केला गेला. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या क्षेत्रीय चाचण्यांत मात्र प्रचलित पद्धतीच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी व भाताचे १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

यावरून नॅनोतंत्रज्ञान निरर्थक ठरत नाही. पुराव्याची पातळी उंचावण्याची निकड मात्र सिद्ध होते. पदव्युत्तर प्रकल्पांना मार्गदर्शन करताना व शोधनिबंधांचे परीक्षण करताना आपण अध्यापकांनी योग्य नियंत्रण गट आणि किमान दोन हंगामांच्या क्षेत्रीय चाचणीचा आग्रह धरला पाहिजे. कुंडीतील रोपाचे हरितद्रव्य वाढले, एवढ्यावर शिफारस करणे घाईचे होईल. त्या शिफारशीची किंमत अखेर कोरडवाहू शेतकऱ्यालाच मोजावी लागते, आणि तो आपला हिशेब क्विंटलमध्ये करतो.