हवेची उशी

कुटुंब म्हणजे काय, हे झटपट समजून घ्यायचे असेल तर यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ हा १९५३ सालचा जपानी चित्रपट लावावा आणि सुरुवातीची पाचेक मिनिटे बघून खुशाल उठावे. ओनोमिची गावचे एक वृद्ध जोडपे मुलांकडे टोकियोला निघाले आहे. म्हातारबुवांना हवेची उशी सापडत नाही. ती बायकोकडेच दिली होती, असे ते ठणकावून सांगतात. ती नाही म्हणते. उशी बुवांच्याच सामानात निघते. पुढे चकार शब्द नाही! आमच्या आजोबांच्या वेळी उशीच्या जागी अडकित्ता असे, एवढाच काय तो फरक.

आता अशा गोष्टीत आपल्याला काय लागते? आईबाप घराबाहेर, वादळ आणि टाळ्यांचे भाषण. ‘नटसम्राट’मध्ये चोरीचा आळ तरी येतो. इथे कुणी कुणाला घालवतच नाही हो! जावई सासूसासऱ्यांसाठी महाग केक आणतो, तर लेक शिगे त्याच्यावरच डाफरते, की त्यांना साधे काहीही चालले असते. आणि केक स्वतः चाखते. मुले वर्गणी काढून दोघांना आतामीच्या स्वस्त हॉटेलात हवापालटाला धाडतात. रात्रभरच्या दंग्याने कंटाळून ती लवकर परतली, की शिगे गिऱ्हाइकांना सांगते, गावाकडची ओळखीची माणसे आहेत!

कॅमेरा बहुतेक वेळ पाटावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. आणि सांगण्याची तऱ्हा अशी, की जिथे आपण रुमाल काढून तयार बसावे, तेच ओझू गाळतो. परतीच्या गाडीत म्हातारी आजारी पडते. ते आपल्याला दिसत नाही. ओसाकाचा मुलगा कचेरीत सहकाऱ्याला सांगतो, तेव्हा कळते. “गोष्ट कधी सुरू होणार?” असे आमच्या मेव्हण्यांनी विचारले, तोवर ती निम्मी होऊन गेली होती.

सगळे कौतुक नोरिकोचे होते. युद्धात गेलेल्या मुलाची ही विधवा, परकी असून रजा काढून सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते. पण माझ्या मते सिनेमा शिगेचा आहे. आई जाते तेव्हा ती हमसून रडते, आणि लगेच जेवताना आईचे कपडे आठवण म्हणून मागते. लोक तिला दुष्ट म्हणतात. आमच्या आत्याने आजीच्या तेराव्याला पुरणयंत्र मागितले, तेव्हा अख्ख्या आळीने अशीच नावे ठेवली. त्या यंत्रातून आत्या दरवर्षी आजीच्या तिथीला पुरण काढी, आणि काढताना रडे. हे बघायला आळीतले कुणी नव्हते. ओझू बहुधा असता.

शेवटी म्हातारबुवा बायकोचे घड्याळ नोरिकोला देतात. योग्यच केले. पण ते शिगेला मिळते, तर तिने आधी त्याची किंमत विचारली असती आणि मग जन्मभर न चुकता त्याला किल्ली दिली असती, असे आपले मला वाटते.