आकृतीतला सरळ किरण

गुरुत्वीय लहरी २०१५ साली प्रथम टिपल्या गेल्या, तेव्हापासून लायगो वेधशाळेवरचा कोणताही लेख उघडावा, तीच आकृती समोर येते. लेसर, मधोमध तिरका अर्धपारदर्शक आरसा, काटकोनातल्या दोन भुजा, टोकांना दोन आरसे आणि पट्टीने आखलेले किरण. आकृती चूक नाही. मायकेलसन-मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगाशी असलेले नाते ती चांगले दाखवते. आमची तक्रार वेगळी आहे. किरण जिथे जायला हवा तिथे आपोआप जातो, असा समज ती करून देते. मग विद्यार्थी विचारतात, एवढे शास्त्रज्ञ तिथे दिवसभर करतात तरी काय? प्रश्न रास्त आहे.

आरसा जेवढ्या कोनातून कलतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. लायगोच्या भुजा ४ किलोमीटर लांब. आरसा एक मायक्रोरेडियन कलला, तरी परतलेला ठिपका ८ मिलिमीटर सरकतो. महाविद्यालयातल्या मीटरभर भुजेत हेच सरकणे २ मायक्रोमीटर, म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय जमिनीची थरथर पोचू नये म्हणून ४० किलोचा प्रत्येक आरसा चार टप्प्यांच्या लंबकाच्या तळाशी, काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेला असतो. लंबक जलद कंपने अडवतो हे सगळे लिहितात. स्वतःच्या वारंवारतेजवळ तो उलट जास्त डोलतो, हे लिहायचे राहून जाते.

दोष शोधण्याची रीत तर लेखांत कुठेच नसते, आणि आम्हाला तोच भाग सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. ठिपका सरकला, पण कोणामुळे? जवळचा आरसा कलला, दूरचा कलला, की किरणच तिरका आत आला? दोन दोष एकमेकांना झाकूही शकतात. म्हणून एका वेळी एकच भुजा घेतात. दुसरीचा आरसा मुद्दाम वाकडा करून ठेवतात. आधी हिरव्या लेसरने भुजा जुळवायची, मग १०६४ नॅनोमीटरचा मुख्य अवरक्त किरण. ठिपका आरशावरून चुकलाच, तर भोवतीच्या आडोशावरचे प्रकाशसंवेदक तो कोणत्या बाजूला गेला ते सांगतात.

सारे जुळले की प्रकाशच त्रास देऊ लागतो! भुजेत तीन लाख वॅट साठले असे समजा. आरशावर बल पडते २ मिलिन्यूटन, पाव ग्रॅम वजनाहूनही कमी. पण ठिपका मध्यापासून ढळला की हेच बल आरशाला पिळते, आरसा कलतो, आणि ठिपका आणखी ढळू शकतो. सिडल्स आणि सिग यांनी २००६ साली हे दाखवून दिले. त्यामुळे नियंत्रण यंत्रणेला आरसे अखंड सावरावे लागतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. मराठीत ही आकृती आता वारंवार छापली जाईल. लेखकांनी निदान आरसे टांगलेले दाखवावेत. शिक्षकांनी टेबलावर १० सेंटिमीटर रुंद आरसा आडवा ठेवावा, लेसर पॉइंटर अगदी तिरपा व पक्का बांधावा (कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही असा), आणि १० मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडावा. आता आरशाच्या भिंतीकडच्या कडेखाली वहीचा एक कागद सरकवा. कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. ठिपका दोनेक सेंटिमीटर सरकतो. भिंत ४ किलोमीटरवर असती तर किती, हे गणित मुलांनाच करू द्यावे.