उतारा आणि अखंड भाषण

पठणाच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग ज्यांना वारंवार येतो, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट खचित आली असेल. मुलांचे पाठांतर चोख असते, उच्चार बहुधा शुद्ध असतात, हातवारे तर मोजून बसविलेले असतात. आणि तरीही मूल कोणाशी बोलत आहे याचा पत्ता लागत नाही. याचे खापर आम्ही मुलांवर फोडीत नाही. जुन्या भाषणांतून आणि नाट्यप्रवेशांतून बोलणे शिकावे हे तत्त्व चांगलेच आहे. परंतु आम्ही वडीलमंडळी मुलांच्या हाती देतो तो त्यांतील कळस तेवढा. पायऱ्या आणि गाभारा जागच्या जागी राहतात.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी या प्रश्नाला अधिक वजन येते. तेथील पुष्कळ मुलांची मराठी घरातल्या चार कामांपुरती असते. शाळेची भाषा निराळी, बाजाराची निराळी. दहा शब्दांपलीकडचे मराठी वाक्य उभे राहून, मोठ्याने, शेवटपर्यंत बोलण्याचा प्रसंग त्यांना वर्षातून एकदा येतो, तो या स्पर्धेत. त्या एका प्रसंगी त्यांच्या मुखी काय घालावे, ही गोष्ट हौसेवर सोडून देण्याजोगी नव्हे.

टिळकांचेच उदाहरण घ्या. टिळक म्हटले की जन्मसिद्ध हक्काचे ते एक वाक्य आणि वळलेली मूठ, एवढीच सामग्री मुलांजवळ असते. वास्तविक एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली, १ मे रोजी तेथेच टिळकांचे स्वराज्यावर भाषण झाले आणि पुढे ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास दोन भाषणे झाली. ही तिन्ही पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतली व त्यांवरून टिळकांवर जामिनाचा खटला भरण्यात आला. सरकारने पुरावा म्हणून जे जमविले ते आज आमचे पाठ्यपुस्तक होऊ शकते! लेखणीने घासूनपुसून न घेतलेले बोलणे त्यात सापडते. स्वराज्य म्हणजे काय, हे सांगण्याआधी ते काय नव्हे हे वक्ता सांगतो. एकच मुद्दा दोनतीनदा फिरवून मांडतो. राजा आणि त्याचे कारभारी यांतला भेद देव आणि पुजारी यांच्या दृष्टान्ताने खेड्यातल्या माणसालाही पटवतो. येथे मूठ वळण्यास जागा नाही. समोरच्या माणसाला समजले की नाही, हे पाहत पाहत पुढे जावयाचे आहे, आणि मुलांना शिकवायचे ते नेमके हेच.

त्या खटल्याचा शेवट आमच्या विषयाला फारच अनुकूल आहे. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी जामिनाचा हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचले पाहिजे, सुटी वाक्ये वेचून त्याचा अर्थ ठरवू नये, अशी न्या. बॅचलर यांची भूमिका होती. सुटी वाक्ये वेचण्याची तीच खोड आमच्या स्पर्धांना मात्र अजून आहे.

नाटकांची गत याहून वाईट. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तला (१९०९) रामशास्त्री आम्ही ऐकला आहे तो बहुतेक गर्जना करतानाच. पण रामशास्त्री न्यायाधीश आहे. न्यायाधीशाला ओरडावे लागत नाही. इतरांनी गप्प बसावयाचे असते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यांच्या निधनानंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्यास झाला. त्यातला सुधाकर मुलांच्या हाती पडला की झोकांड्या सुरू होतात. सुधाकर वकील आहे, हे कोणी त्यांना सांगितलेलेच नसते. प्याल्याच्या अमलाखालीही तो युक्तिवाद करतो, आणि म्हणून तर त्याची भीती वाटते. शिवाय गडकऱ्यांचे लांबलचक वाक्य म्हणजे श्वासाची तालीम. कोठे थांबावे आणि कोठे मुळीच थांबू नये, हे त्या वाक्यातच लिहिलेले असते. झोकांड्यांनी ते सारे मोडते.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’विषयी (१९७०) थोडक्यात सांगतो. चौदा वर्षांच्या मुलाने अप्पासाहेब बेलवलकरांचे स्वगत म्हणू नये, असा आमचा आग्रह नाही. डॉ. श्रीराम लागूंच्या ध्वनिमुद्रणावरून लागूंचा आवाज घेऊन मात्र म्हणू नये. पुस्तकातून शिकणारा निदान चुका तरी स्वतःच्या करतो.

संयोजकांचे उत्तर ठरलेले असते : प्रत्येकाला पाचच मिनिटे. मग भाषणाच्या शेवटाऐवजी आरंभीची पाच मिनिटे द्यावी. सभा अजून स्थिरावलेली नाही, कोणी खोकतो आहे, कोणी जागा शोधतो आहे, अशा वेळचे बोलणे हे सर्वांत कठीण, आणि उतारे निवडताना तेच पहिल्याने गळते. नाट्यप्रवेशांत ज्याला उद्देशून बोलावयाचे तो समोर असावा.

एका स्पर्धेत एका शिक्षिकेने हे करून पाहिले. रामशास्त्र्याचे भाषण म्हणणाऱ्या मुलीसमोर तिने राघोबादादा म्हणून दुसरा मुलगा खुर्चीवर नुसता बसविला. त्याला एकही वाक्य नव्हते. त्याने फक्त मान वर करून पाहावयाचे होते. त्या नजरेसरशी मुलीचा आवाज आपोआप खाली आला, शब्द सुटे झाले, आणि सभागृहातली कुजबूज थांबली. रंगमंचावर एकच स्पर्धक असावा या नियमात ते बसत नसल्यामुळे तिला क्रमांक मिळाला नाही. गुणपत्रकावर आमचीही सही होती.