वेदी आणि मेज

मराठी कथा-कादंबरीत ख्रिस्ती पात्र आले की ठरावीक सामान मागोमाग येते: घंटा, मेणबत्त्या, झगा घातलेला पाद्री आणि त्याच्यापुढे दिलेला कबुलीजबाब. पात्र अहमदनगरचे आहे की वसईचे, याची फारशी चौकशी होत नाही. मीही हे वर्षानुवर्षे चालवून घेतले. एका जुन्या लेखात तर नगरच्या मिशनमधल्या पात्राच्या रविवारच्या उपासनेला मी बिनदिक्कत 'मिस्सा' म्हटले होते. ती चूक केवळ शब्दाची नव्हती.

वसईकडचा कॅथलिक मिस्साला जातो. नगरचा प्रॉटेस्टंट उपासनेला. एकाचा धर्मगुरू वेदीपाशी उभा राहतो, दुसऱ्याचा पाळक प्रभूच्या मेजापाशी. वेदीवर अर्पण होते, मेजावर भोजन. कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारस प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. प्रॉटेस्टंटांत यावर एकमत नाही. कोणी ते स्मरण मानतात, कोणी आत्मिक सहभाग. कॅथलिक सात संस्कार मानतात, बहुतेक प्रॉटेस्टंट दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. म्हणून नगरच्या कथेतला कबुलीजबाबाचा प्रसंग मुळातच डळमळतो. १८३१ साली तिथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत तो संस्कारच नाही.

नियमांनी साहित्यही घडते. लॅटिन परंपरेतला कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असतो. पाळकाला संसार असतो. 'स्मृतिचित्रे'चा उत्तरार्ध एका रेव्हरंडाच्या घरातला आहे. ते घर, तिथला राबता, लक्ष्मीबाईंचा तो मिश्कील सूर, हे सारे कॅथलिक धर्मगुरूच्या निवासात संभवलेच नसते. उलट, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले तेव्हा मिस्साची भाषा लॅटिन होती. लोकांना कळणारी ओवी मुख्य विधीच्या बाहेर उभी होती. लोकभाषांना त्या विधीत व्यापक प्रवेश मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या निर्णयानंतर.

हे भेद कायमचेच असतात असेही नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट अशा परंपरा तिथे एकत्र आल्या. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की समजत्या वयात, विश्वास जाहीर केल्यावर, हा जुना वाद होता. दोन्ही पद्धती ग्राह्य धरून त्यांनी वाट काढली. बिशपपद मान्य झाले, तरी मंडळीचा आवाजही राखला गेला.

एक उंबरठा मात्र अजून ओलांडलेला नाही. माझ्या परिचयात एक जोडपे आहे: तो कॅथलिक, ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. लग्नासाठी त्याला आपल्या धर्मसत्तेची रीतसर परवानगी घ्यावी लागली. रविवारी दोघे एकाच बाकावर बसतात, एकच प्रार्थना म्हणतात. ख्रिस्तप्रसाद वाटू लागला की तो उठून रांगेत जातो आणि ती बसून राहते, कारण कॅथलिक नियमानुसार, अपवाद सोडता, तो कॅथलिकांनाच मिळतो. त्या काही मिनिटांत बाकावर राहिलेली मोकळी जागा मी पाहिली आहे. घंटा आणि मेणबत्त्या यांच्यावर थांबणाऱ्या आमच्या कथाकारांना ती अजून दिसलेली नाही.