शिक्षेची कथा आणि तिचा निवेदक

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेल्या कोवलम या गावाला इंग्रजी गद्याच्या इतिहासात एक लहानसे स्थान आहे. १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने येथील किल्ला आणि त्यापाठोपाठ चेंगलपट्टूचा किल्ला जिंकला. मेकॉलेने १८४० सालच्या आपल्या क्लाइव्हविषयक निबंधात या मोहिमेचे जे वर्णन केले, ते पुढे भारतातील इंग्रजी शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या वाचनात आले. क्लाइव्हच्या हाती आलेले गोरे शिपाई म्हणजे लंडनच्या तळागाळातून गोळा केलेली भरती होती. किल्ल्यावरून सुटलेल्या गोळीने एकजण पडताच बाकीचे पाठ फिरवून पळाले. तोफांच्या आवाजाने भ्यालेला एक पहारेकरी तर कित्येक तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला. क्लाइव्हने स्वतःला वारंवार धोक्यात घालून या माणसांना लाजवले आणि त्यांतून सैन्य घडवले, असा मेकॉलेचा निष्कर्ष आहे. त्याच निबंधाच्या आरंभी क्लाइव्हचे बालपणही येते. हूड, भांडखोर आणि अभ्यासात मन नसलेल्या या मुलाकडून काही चांगले निष्पन्न होईल अशी आशा घरच्यांना उरली नव्हती. अठराव्या वर्षी त्यांनी त्याला मद्रासला पाठवून दिले. तेथे त्याने पैसा मिळवावा, नाही तर तापाने मरावे.

या दोन कथा एकत्र वाचल्या म्हणजे सुधारगृह या कल्पनेची सगळी बीजे त्यांत दिसू लागतात. वाह्यात मुलाला घरापासून दूर धाडावे. तेथे कणखर हाताने त्याला वळण लावावे. आणि त्यात तो दगावलाच, तर ते प्रयोगाचे मूल्य समजावे. मेकॉलेच्या गद्याचा वेग आणि त्याची नाट्यदृष्टी वादातीत आहेत. परंतु विहिरीच्या तळाशी बसलेला माणूस विनोदाचा विषय होतो, कारण निवेदक विहिरीच्या काठावर उभा आहे. तळाशी बसलेल्याला वर पाहताना काय दिसत होते, हा प्रश्न या निबंधाच्या घाटात बसतच नाही. शिक्षेविषयीच्या साहित्याचा विचार करताना हा प्रश्न आरंभीच विचारणे आवश्यक आहे.

कोवलम आज ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालगुन्हेगारांसाठी सुधारशाळा स्थापन झाली. त्याच गावच्या शासकीय बालसंस्थेत चोरीच्या संशयावरून आणलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा ३१ डिसेंबर २०२२ रोजी मृत्यू झाला. मारहाणीचा आरोप ठेवून जानेवारी २०२३ मध्ये संस्थेच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक करण्यात आली. त्यानंतर तमिळनाडू शासनाने अशा गृहांच्या कारभाराच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे, समीक्षेचे नव्हे. समीक्षेपुढे निराळा प्रश्न येतो. ज्या संस्कृतीत अशी घटना घडू शकते, त्या संस्कृतीच्या साहित्याने शिक्षेची कथा आजवर कोणाच्या तोंडून सांगितली?

या बाबतीत कायद्याची भाषा साहित्याच्या पुढे गेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने शारीरिक शिक्षेची जी व्याख्या केली आहे, तीत अपराधाचा बदला म्हणून दिलेल्या वेदनेबरोबरच मुलाला शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी हेतुपुरस्सर दिलेल्या वेदनेचाही समावेश आहे. बालसंस्थेत अशी शिक्षा देणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल दहा हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल. पण व्याख्येतील विचार किरकोळ नाही. मारणाऱ्याचा हेतू चांगला होता, हा बचाव तिने मुळातूनच काढून घेतला आहे. साहित्यात मात्र हाच बचाव शिक्षेच्या कथेचा प्राण होऊन बसलेला दिसतो.

मराठीतील याचे सर्वांत हृद्य उदाहरण 'श्यामची आई' हेच होय. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि पोहायला धाडते, हा त्यातील प्रसंग मराठी वाचकाच्या मनावर कोरला गेला आहे. मराठी मनाने मार आणि माया यांची जी सांगड घातली, तिला या प्रसंगाने मोठे बळ दिले. परंतु त्याच्या परिणामाचे रहस्य कशात आहे? पाठीवरचे वळ ज्याने सोसले, तोच येथे कथा सांगतो आहे. आईने आपल्याला का मारले याचा अर्थ तो स्वतः लावतो आहे. शिवाय मारणारी आई त्याच घरात, त्याच दारिद्र्यात राहते. वळ पाहून तिचेही डोळे भरून येतात. या नात्यावाचून तो मार निव्वळ मार उरेल. पुढे ज्यांनी ज्यांनी शाळेत किंवा वसतिगृहात छडीचे समर्थन करताना या प्रसंगाचा आधार घेतला, त्यांनी शिंपटी तेवढी उचलली. निवेदक आणि नाते दोन्ही मागे राहिली.

स्वतः साने गुरुजींनी तसे केले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अमळनेरच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते, तेव्हा मुलांच्या अव्यवस्थेवर त्यांचा उपाय म्हणजे त्यांची अंथरुणे स्वतः आवरणे आणि कपडे स्वतः धुणे. पुस्तकाचा घाटही हेच सांगतो. आश्रमात रात्री जमलेल्या सोबत्यांना श्याम बेचाळीस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. निवासी संस्थेत जे शिस्तीने साधायचे, ते येथे कथनाने साधले आहे. 'श्यामची आई' मधील खरा अध्यापनविचार शिंपटीपेक्षा या रचनेत अधिक आहे. मराठी समीक्षेने मात्र त्या रचनेकडे भावविवशतेचे एक निमित्त म्हणूनच पाहिले.

अधीक्षकाने सांगितलेल्या कथेचा कस पाहायचा असेल तर मकारेंकोकडे वळावे लागते. पोल्तावाजवळ १९२० साली सुरू झालेल्या आणि पुढे गॉर्कीचे नाव मिळालेल्या वसाहतीचा वृत्तान्त त्याने आपल्या अध्यापनविषयक महाकथेत सांगितला; तिचे भाग १९३३ ते १९३५ या काळात प्रसिद्ध झाले. आरंभीच झादोरोव हा मुलगा लाकडे तोडायला जाण्यास उर्मट नकार देतो आणि मकारेंको त्याला मारतो. त्यानंतर मुले कामाला लागतात. सामान्य लेखकाने येथे शिक्षेचा विजय साजरा केला असता. मकारेंको तसे करीत नाही. झादोरोव आपल्याहून बलवान होता, त्याने मनात आणले असते तर आपला चुराडा केला असता, हे तो नमूद करतो. म्हणजे मारणाऱ्यानेही येथे काही पणाला लावले होते. सहकारी शिक्षिकेला तर मारापेक्षाही मुलांना वाटलेल्या त्याच्या कौतुकाची किळस आली, हेही तो लपवीत नाही. आपल्या विरुद्ध जाणारी साक्ष निवेदकानेच पुस्तकात दाखल केली आहे, आणि त्यामुळे त्या प्रसंगाला कलात्मक सत्य प्राप्त झाले आहे. तरीही झादोरोवने ती कथा कशी सांगितली असती, हा प्रश्न उरतोच. अधीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या कथेला ही मर्यादा अटळ आहे.

मुलाच्या तोंडून कथा आली म्हणजे काय बदलते, हे अ‍ॅलन सिलिटोच्या १९५९ सालच्या लांब पल्ल्याच्या धावपटूच्या कथेत दिसते. बोर्स्टलमधील स्मिथ शर्यत जिंकू शकतो. पण गव्हर्नरला हवा असलेला चषक त्याला मिळू नये म्हणून अंतिम रेषेपूर्वी तो मुद्दाम थांबतो. येथे छडी नाही, मारहाण नाही. उलट गव्हर्नर सौजन्याने वागतो. तरीही वाचकाला कळते की सुधारणा या शब्दाने या मुलाचा विजयदेखील संस्थेच्या मालकीचा केला होता. अधीक्षकाच्या निवेदनातून हे ज्ञान कधीच हाती आले नसते.

कोल्सन व्हाइटहेडच्या 'द निकेल बॉइज' (२०१९) या कादंबरीला फ्लोरिडातील डोझिअर सुधारशाळेचा आधार आहे. ती शाळा १९०० ते २०११ पर्यंत चालली, आणि तिच्या आवारात संशोधकांनी पंचावन्न कबरी शोधून काढल्या. या कादंबरीत मारण्याच्या खोलीतील अवाढव्य पंख्याच्या आवाजात किंकाळ्या बुडून जातात. एलवुड फटक्यांच्या संख्येत काही नियम सापडतो का पाहू लागतो आणि शुद्ध हरपतो. शिक्षेला प्रमाण असते, अपराध आणि दंड यांत काही गणित असते, हा सुधारगृहाचा मूळ दावाच या एका तपशिलाने कोसळतो. आणि अखेरीस वाचलेल्या मुलाने मेलेल्या मित्राचे नाव धारण केले होते, हे उघड होते तेव्हा निवेदकाचा प्रश्न तंत्राचा राहत नाही. तो नैतिक होतो.

याचे कारण या संस्थांच्या स्वरूपातच आहे. अमेरिकेत उद्दाम किशोरांसाठी चालणाऱ्या खासगी निवासी संस्थांविषयी गेल्या काही दशकांत ज्या साक्षी पुढे आल्या, त्यांत एकान्तवास, बांधून ठेवणे, भुकेची शिक्षा यांबरोबर एक गोष्ट वारंवार येते: घरी जाणारी पत्रे वाचली जात, आणि मुलाची तक्रार हीच त्याच्या विकृतीची खूण मानली जाई. मेन राज्यातील एलान शाळेत (१९७०–२०११) मुलाला दमेपर्यंत एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांशी मुष्टियुद्ध करावे लागे. या साक्षींच्या रेट्याने २०२४ च्या डिसेंबरात तेथे या संस्थांच्या राष्ट्रीय अभ्यासाचा कायदा झाला. म्हणजे संस्था मुलाकडून प्रथम स्वातंत्र्य नव्हे, निवेदन काढून घेते. जो आपली कथा सांगू शकत नाही, त्याला मारणे सोपे असते. अशा साक्षींना वाङ्मयीन मूल्य किती, हा प्रश्न काही समीक्षक विचारतील. त्यांतील पुष्कळ लेखन सपाट आणि एकसुरी आहे, हे खरे. परंतु ज्याच्या प्रत्येक वाक्यावर अविश्वास दाखवला गेला, त्याने आपल्या वाक्यात अलंकाराला थारा न देणे हा केवळ कौशल्याचा अभाव मानता येणार नाही.

मराठीपुरते पाहता, तुरुंगाची कथा आतल्या माणसाने सांगण्याची परंपरा येथे जुनी आहे. १८८२ साली टिळकांबरोबर शिक्षा भोगून आलेल्या आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले. पुढे त्याच तुरुंगाच्या जागी मुंबईतील बालगुन्हेगारांचे निरीक्षणगृह आले. सुशिक्षित राजबंद्याच्या एकशे एक दिवसांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळाले. त्याच भिंतींआड राहिलेल्या मुलांच्या दिवसांची अशी नोंद मराठी समीक्षेच्या चर्चेत आली नाही. या फरकाचे कारण अनुभवाच्या खोलीत शोधता येणार नाही. लेखणी कोणाच्या हाती होती, एवढाच तो फरक आहे.

ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली ती दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला मुलगा बोलतो. पोलिसांचा मार सहन व्हावा, तोंडून नाव फुटू नये, म्हणून येथे चोरीच्या शिक्षणातच माराची सवय करून दिली जाते. 'श्यामची आई' मधील मार आणि हा मार यांची तुलना उद्बोधक ठरेल. दोन्हीकडे मारणारे आपलेच आहेत, दोन्हीकडे हेतू मुलाने निभावून न्यावे हाच आहे. पण 'उचल्या' मध्ये घरचा मार हा बाहेरच्या, शासनसंस्थेच्या माराची रंगीत तालीम आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काटेरी तारेच्या आत वसाहती उभारल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याने घरात आणून सोडलेली शिक्षा कायद्याबरोबर गेली नाही. गायकवाडांची भाषा याचे समर्थनही करीत नाही आणि धिक्कारही करीत नाही; ती ते फक्त नोंदवते. या संयमामुळे वाचकाला निवाड्याची जबाबदारी टाळता येत नाही.

चेंगलपट्टूच्या मुलाचे नाव लिहू नये, असा कायद्याचा दंडक आहे, आणि तो मुलांच्या हिताचाच आहे. परंतु नाव झाकण्याबरोबर दृष्टीही झाकली जाते. उरतात ते वय, तारीख आणि अटक झालेल्यांची संख्या. साहित्याचे काम त्या नावाचा गौप्यस्फोट करण्याचे नाही. ज्या खोलीत पत्र पोहोचत नाही आणि जेथून पत्र बाहेर येत नाही, त्या खोलीतून जग कसे दिसते याची अनुभूती देणे हे त्याचे काम आहे. समीक्षेचे काम त्याहून साधे आहे. सुधारणेची कोणतीही कथा समोर आली म्हणजे तिच्यातील सद्हेतूवर भाळण्यापूर्वी, ती कोण सांगतो आहे आणि सांगणाऱ्याच्या पाठीवर वळ आहेत की हातात शिंपटी आहे, हे समीक्षेने विचारले पाहिजे. हा प्रश्न कलाबाह्य नाही. कथनाची निवड हाच जेथे न्यायाचा पहिला प्रश्न असतो, तेथे निवेदकाची मीमांसा ही नीतीचीही मीमांसा होते.