बाहेरचे तज्ज्ञ आणि घरची बोली : धाराशिव जिल्ह्यातील शैक्षणिक सहकार्याचे परीक्षण

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने मागास गणल्या गेलेल्या जिल्ह्यांसाठी जो कार्यक्रम जाहीर केला, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांचा समावेश झाला: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनचा धाराशिव. मराठी शासनव्यवहारात या जिल्ह्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ असे नाव मिळाले. हिंदीने ‘आकांक्षी’ हा शब्द पसंत केला. दोन्ही शब्दांचा धातू एकच असला तरी अर्थ एक नाही. ‘आकांक्षी’ म्हणजे आकांक्षा धरणारा. ‘आकांक्षित’ हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित असल्यामुळे त्याचा अर्थ होतो, ज्याची आकांक्षा दुसऱ्या कोणी धरली आहे असा. नामकरण करणाऱ्यांच्या मनात हा भेद असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही अनवधानाने निवडलेला शब्द कधी कधी वस्तुस्थितीला अधिक जवळचा असतो. धाराशिवच्या बाबतीत तसे घडले आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

कार्यक्रमाची रचना थोडक्यात अशी आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे नेतृत्व, केंद्राकडून एक वरिष्ठ प्रभारी अधिकारी, आणि शासकीय खात्यांच्या जोडीला खाजगी प्रतिष्ठाने, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था यांचे साहाय्य. एकूण शंभर गुणांपैकी तीस गुण शिक्षणाकडे, तीस आरोग्य व पोषणाकडे आणि उरलेले शेती व जलसंपत्ती, वित्तीय समावेशन व कौशल्ये आणि पायाभूत सोयी यांच्याकडे वाटून दिलेले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा लागावी म्हणून प्रगतीची क्रमवारी लावली जाते. नाना क्षेत्रांतील जाणकारांना जिल्ह्याच्या शाळेपर्यंत आणून विषमता कमी करावयाची, ही त्यामागील कल्पना मुळात निंद्य नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने एकट्यानेच सर्व ओझे वाहावे असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो तज्ज्ञ कोणास म्हणावयाचे हा. शिक्षणाखालील निर्देशक पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. प्राथमिक शाळेतून उच्च प्राथमिक शाळेत आणि तेथून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण, मुलींसाठी वापरात असलेली स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, माध्यमिक शाळांतील वीज, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, सत्र सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत पाठ्यपुस्तके पोचणे, स्त्रियांची साक्षरता, आणि तिसरी, पाचवी व आठवीच्या मुलांची भाषा व गणित या विषयांतील संपादणूक. यांतील एकही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्या शाळेत मुलींना स्वच्छतागृह नाही त्या शाळेत समतेची चर्चा करणे हे विडंबनच होय. परंतु या यादीत मूल घरी कोणती भाषा बोलते हे विचारणारा एकही निर्देशक नाही. भाषेची संपादणूक मोजली जाते ती शाळेच्या माध्यमभाषेतली. ती मुलाची पहिली भाषा आहे की दुसरी, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसते. आणि जे मोजले जात नाही त्याचा जाणकार सहकाऱ्यांच्या यादीत कशाला येईल?

धाराशिव जिल्ह्यापुरते तरी हे दुर्लक्ष महागात पडणारे आहे. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. तेथील वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि घरी एक भाषा व शाळेत दुसरी हा अनुभव मराठी बोलणाऱ्या पिढ्यांनीही घेतलेला आहे. त्या अनुभवाची आठवण ठेवणाऱ्या प्रदेशाने आपल्याच इतर भाषकांविषयी अधिक सावध असावयास हवे होते. उमरगा आणि नळदुर्गच्या बाजूस कानडी आहे. गावोगावच्या मुसलमान कुटुंबांत दखनी आहे. तांड्यांवर गोरबोली आहे. पारधी, कैकाडी, वडार या समाजांच्या बोली आहेत. यांपैकी कैकाडीचे नाते तमिळशी आणि वडारीचे तेलुगूशी आहे, हे ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीपासून नोंदलेले आहे. म्हणजे एकाच वर्गात आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांतील भाषा बोलणारी मुले शेजारी शेजारी बसू शकतात, आणि हजेरीपटावर ती सर्व मराठी माध्यमाची विद्यार्थी असतात.

याचा वर्गातील परिणाम कसा होतो हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत ‘मोठा दगड’, ‘मोठी वाट’, ‘मोठे झाड’ असे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. कानडीत ‘दोड्ड कल्लु’, ‘दोड्ड दारि’, ‘दोड्ड मर’; विशेषण जसेच्या तसे राहते आणि निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. दखनीत आणि गोरबोलीत लिंगे दोनच, त्यामुळे ‘बडा झाड’ म्हणणारे मूल मराठीत ‘मोठा झाड’ म्हणते. (याच दखनीने मराठीचा ‘नको’ मात्र बिनतक्रार उचलला आहे.) दोन्ही मुले उत्तरपत्रिकेत चुकतील, पण त्यांची चूक एक नाही. कानडी बोलणाऱ्या मुलाला विशेषण नामाशी जुळते ही गोष्टच नव्याने शिकावयाची आहे; दखनी बोलणाऱ्याला ती ठाऊक आहे, त्याला तिसरे लिंग शिकावयाचे आहे. ज्या शिक्षकाला हा भेद माहीत आहे तो पंधरा दिवसांत बरेच साधू शकेल. ज्याला माहीत नाही तो दोघांच्याही नावापुढे ‘भाषेत कच्चा’ असा शेरा मारील, आणि पाहणी करणारा त्या शेऱ्यांची सरासरी काढून जिल्ह्याला क्रमांक देईल. पुष्कळशी संपादणूक-मापने मुलाचे अज्ञान मोजीत नसून शाळेचे अज्ञान मोजीत असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या अज्ञानाला जनगणनेनेही हातभार लावला आहे. लमाणी अथवा बंजारी ही मातृभाषा म्हणून नोंदविली गेली तरी भाषांच्या तक्त्यात तिची बेरीज हिंदीत होते. संख्येने लहान असलेल्या बोलींचा मागमूस जिल्ह्याच्या पातळीवर तर लागणेही कठीण. बाहेरून आलेल्या संस्थेने प्रकाशित आकड्यांवरून जिल्ह्याचा भाषिक नकाशा काढावयाचे ठरविल्यास तिच्या हाती जो येईल त्यात बहुतेक मराठी, काही उर्दू, काही हिंदी आणि थोडी कानडी एवढेच दिसेल.

कायद्याचे म्हणावे तर त्याने वाट अडविलेली नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची अपेक्षा राज्यांकडून करते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हणते. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांत किती मुले बसतात आणि किती बाहेर राहतात, हा अर्थनिर्णय आजवर प्रायः शासनाच्या सोयीने झालेला आहे.

भाषेच्या जोडीला हंगामाचाही विचार केला पाहिजे. वाशी, कळंब, भूम या बीड जिल्ह्यास लागून असलेल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीमागे मुले. त्या परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधले पाच-सहा महिने जे मूल पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील फडावर असते त्याचे नाव गावच्या पटावर कायम राहू शकते आणि वर्षअखेर ते वरच्या वर्गात जाऊही शकते. म्हणजे पुढील वर्गात जाणाऱ्यांचे प्रमाण उत्तम राहून मूल मात्र निरक्षर राहिले, असे घडणे या मापनपद्धतीत अशक्य नाही. शासनाने यावर हंगामी वसतिगृहांचा उपाय योजला, आणि तो शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हाती दिला. हा उपाय साधा आहे व गावातल्या नातेवाइकांच्या आधारावर उभा आहे. कोणते कुटुंब कधी जाणार, आजी मागे राहणार की नाही, हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्यावाचून तो एक दिवस चालणार नाही. येथे तज्ज्ञ कोण?

या जिल्ह्याला बाहेरच्या तज्ज्ञांचा अनुभव २०१८ पूर्वीही होता, आणि तो विसरला जावा हे आश्चर्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत अधिकृत गणनेने ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली; या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर अभियंते आले, जागतिक बँक आली, देशभरच्या संस्था आल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्या प्रसंगी ते औदार्याचे आणि गरजेचेच कार्य होते. मात्र मुलाला त्याच्या गावातून उचलून चांगल्या शाळेत नेणे आणि त्याच्या गावची शाळा चांगली करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि जिल्ह्याच्या योजनेला दुसरीवाचून गत्यंतर नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो घरदुरुस्तीचा भाग. घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करताना शासनाला असे आढळले की अभियंत्याचे म्हणणे गावाला कळत नाही आणि गावाचे म्हणणे अभियंत्याला. तेव्हा स्वयंशिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. पात्रतेच्या रूढ कल्पनेप्रमाणे या स्त्रिया कशाच्याही तज्ज्ञ नव्हत्या. परंतु कोणाच्या भिंतीत काय दोष आहे, कोणाला पैसे मिळाले आणि कोणाला नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि घरमालकाला समजेल अशा भाषेत लोखंड-सिमेंटचे तंत्र सांगणे त्यांना साधले. त्यांचे पद योजनेत होते, त्याला नाव होते. कामाच्या ओघात कोणी मदत केली एवढ्यावर ते निभावलेले नव्हते. शैक्षणिक सहकार्याच्या निर्देशकांत अथवा सहकाऱ्यांच्या नामावळीत अशा पदाला जागा नाही. घर आणि मूल यांत फरक आहे हे खरे. भिंत एकदा दुरुस्त होते, भाषा वर्षानुवर्षे शिकवावी लागते. पण हा फरक संवाद सहायकाची गरज वाढविणारा आहे.

बाहेरचा माणूस निरुपयोगी असतो असा याचा अर्थ घेऊ नये. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले कार्य या मताच्या विरुद्ध उभे आहे. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी प्रथम फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांचा अभ्यास करून त्यावर प्रबंध लिहिला, आणि मग १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. आधी ऐकणे आणि नंतर शिकविणे हा तो क्रम आहे. धाराशिवमध्ये येणाऱ्या सहकारी संस्थांना तीन वर्षांच्या करारात एवढी उसंत मिळेल का, ही शंका रास्त आहे. पण मग ज्यांनी जन्मभर ऐकलेले आहे अशांना बरोबर घेणे हाच मार्ग उरतो. खुद्द जिल्ह्यात, तुळजापूर येथे, टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून आहे. अशा पाहणीसाठी दूर जाण्याचेही कारण नाही.

एका वर्गात चार बोली असतील तर चार पाठ्यपुस्तके काढावयाची काय, असा आक्षेप घेतला जाईल. तशी मागणी येथे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत, त्यांत दुर्बल व वंचित घटकांना प्रमाणशीर जागा असावी, असे कायदाच सांगतो. तांड्यावरील अथवा पालावरील एखादी आई त्या जागेवर सहीपुरती बसण्याऐवजी पहिलीच्या वर्गात आठवड्यातून चार तास बसली आणि त्या कामाचा तिला मोबदला मिळाला, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. निर्देशकांत एक रकाना मात्र वाढवावा लागेल. सध्या हे ज्ञान जिल्ह्यात आहे ते तांड्यावरच्या शाळेत पाच-सहा वर्षे काढून गोरबोली आपसूक शिकलेल्या एखाद्या शिक्षकाजवळ. आणि त्याची बदली झाली म्हणजे नव्या शिक्षकाच्या हाती हजेरीपट, पोषण आहाराची वही आणि किल्ल्या येतात, बोलीविषयी एक ओळही येत नाही.