हशा कोणावर? ‘ऑल इन द फॅमिली’चे डीव्हीडीवरील पुनर्दर्शन

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिका हा समीक्षेने दीर्घकाळ दुर्लक्षिलेला प्रकार आहे. कादंबरी पुन्हा वाचता येते, नाटकाची संहिता हाताशी असते, चित्रपट पुनःप्रदर्शित होतो. मालिकेचा भाग मात्र एकदा प्रक्षेपित झाला की पुनःप्रक्षेपणापर्यंत तो प्रेक्षकाच्या स्मरणातच उरत असे. स्मरण निवडक असते. त्यात विनोद राहतो आणि त्याचा संदर्भ गळून पडतो. डीव्हीडी संचांमुळे ही स्थिती पालटली. मालिका थांबवून, मागे नेऊन, क्रमाने पाहता येऊ लागली आणि ती खऱ्या अर्थाने अभ्यासाची संहिता झाली.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेचा या दृष्टीने विचार केला आहे. तिचे पहिले सहा हंगाम २००२ ते २००७ या काळात डीव्हीडीवर आले, उर्वरित तीन २०१० पासून आले आणि संपूर्ण संच २०१२ मध्ये निघाला. पूर्वग्रहदूषित माणसाला हास्यास्पद ठरविण्यासाठी रचलेला विनोद पूर्वग्रह उघडा पाडतो, की त्याला घरात बसायला खुर्ची देतो, हा येथील मूळ प्रश्न आहे. मालिका चालू असतानाच तो विचारला गेला होता. सलग पुनर्दर्शनामुळे त्याचे उत्तर शोधण्याची नवी साधने मिळाली आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मालिकेची घडण

जॉनी स्पेट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या ब्रिटिश मालिकेवरून नॉर्मन लिअर (१९२२–२०२३) यांनी ही मालिका बेतली. सीबीएस वाहिनीवर १२ जानेवारी १९७१ रोजी तिचा पहिला भाग दाखविला गेला. अखेरचा एप्रिल १९७९ मध्ये. १९७१-७२ पासून सलग पाच हंगाम ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका घरात चार माणसे राहतात. मालगोदामावर मुकादम असलेला, दुसऱ्या महायुद्धात लढलेला आर्ची बंकर (कॅरल ओकॉनर). त्याची पत्नी ईडिथ (जीन स्टेपल्टन). कन्या ग्लोरिया (सॅली स्ट्रदर्स) आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी असलेला घरजावई माइक (रॉब रायनर). कृष्णवर्णीय, ज्यू, पोलिश, समलिंगी, स्त्रीवादी यांपैकी कोणीही आर्चीच्या जिभेतून सुटत नाही. माइक त्याला तावातावाने विरोध करतो. आर्चीचा ‘स्टिफल’ हा शब्द, म्हणजे ‘तोंड बंद ठेव’ ही आज्ञा, लिअर यांनी स्वतःच्या वडिलांकडून घेतली होती. हा माणूस त्यांनी परक्याच्या घरात पाहिलेला नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

संपूर्ण संचात १९६८ व १९६९ मध्ये एबीसी वाहिनीसाठी केलेले आणि नाकारले गेलेले दोन प्रायोगिक भागही आहेत. त्यांत कुटुंबाचे आडनाव ‘जस्टिस’ आहे. आर्ची-ईडिथ तेच, मुलगी-जावई निराळे, कथानक बव्हंशी तेच. हे दोन्ही भाग १९७१ च्या पहिल्या भागाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे दिसते की, आर्ची पहिल्यापासून पूर्ण घडलेला होता; तिसऱ्या प्रयत्नात त्याला तुल्यबळ विरोधक लाभले. ‘जस्टिस’ हे सूचक आडनाव गळाले हेही बरेच झाले, कारण त्यातील उपरोध फारच ढोबळ होता.

समकालीन वाद

पहिल्या प्रक्षेपणापूर्वी वाहिनीने एक निवेदन दाखविले. आपल्या उणिवा व पूर्वग्रह यांवर विनोदाचा प्रकाश टाकून त्यांचा हास्यास्पदपणा दाखविणे हा कार्यक्रमाचा हेतू आहे, असा त्याचा आशय होता. म्हणजे हशा कोणावर आहे हे सांगण्याची गरज निर्मात्यांनाही वाटली होती.

‘जेंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ या ज्यूद्वेषावरील कादंबरीच्या लेखिका लॉरा हॉब्सन यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील दीर्घ लेखात या दाव्यावरच आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा भाषेचा होता. आर्ची जे अपशब्द वापरतो ते तुलनेने सौम्य आहेत; द्वेषाची खरी बोचरी भाषा मालिका टाळते. परिणामी द्वेष धुऊनपुसून प्रेमळ होतो आणि असा माणूस आवडू लागतो. लिअर यांनी त्याच वृत्तपत्रात पुढील महिन्यात उत्तर दिले. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील विडमार व मिल्टन रोकीच यांनी अमेरिकन किशोरवयीन व कॅनडातील प्रौढ प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालिका विनोदी आहे यावर दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांचे एकमत होते. परंतु ज्यांच्या मनात पूर्वग्रह तीव्र होते, त्यांना आर्चीचेच म्हणणे पटत होते. आरसा दाखविला म्हणजे पाहणारा लाजतोच असे नाही. कित्येकदा तो भांगही नीट करून घेतो.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) मद्यपानाचा विनाश दाखविण्यासाठी लिहिलेले नाटक. तथापि तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ रंगमंचावर अवतरले की प्रेक्षागृहात जो उल्हास पसरतो, तो दारूबंदीच्या बाजूचा खचितच नसतो. मात्र गडकऱ्यांनी त्याच रंगमंचावर सिंधूला उभे केले आहे. त्या हशाची किंमत कोण मोजतो, हे प्रेक्षकाला विसरता येत नाही. यातून एक निकष मिळतो: उपरोधाचा प्रामाणिकपणा लेखकाच्या हेतूवरून ठरवू नये, किंमत मोजणारी व्यक्ती दृश्यात उपस्थित आहे काय, यावरून ठरवावा.

हशा ऐकताना

ही मालिका प्रेक्षकांसमोर व्हिडिओ टेपवर मुद्रित होत असे. केवळ अखेरच्या हंगामात तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचे हास्य मुद्रित केले गेले. त्यामुळे तिच्यातील हशा हा एक पुरावाच आहे. दृश्य थांबवून, मागे नेऊन ऐकले असता त्याचे तीन प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार आर्चीच्या भाषिक घसरणीवरचा. तो भारदस्त शब्द चुकीचे वापरतो आणि अधिकाराने बोलता बोलता स्वतःचे अज्ञान प्रकट करतो. येथे लक्ष्य निःसंशय तोच आहे. दुसरा प्रकार लक्ष्यित व्यक्तीच्या उपस्थितीतला. पहिल्याच भागात शेजारचा कृष्णवर्णीय तरुण लायनेल आर्चीच्या अपेक्षेबरहुकूम बावळट उच्चारांत बोलतो. आर्ची सुखावतो, लायनेल व प्रेक्षक एकमेकांना सामील असतात. फेब्रुवारी १९७२ च्या ‘सॅमीज व्हिजिट’ या भागात सॅमी डेव्हिस ज्युनियर टॅक्सीत विसरलेली बॅग नेण्यासाठी घरी येतात. त्यांच्या कृत्रिम डोळ्याविषयी कोणी बोलू नये अशी ताकीद देणारा आर्ची कॉफी देताना स्वतःच तो शब्द उच्चारून बसतो. आणि छायाचित्राच्या नेमक्या क्षणी सॅमी त्याच्या गालाचे चुंबन घेतात. तो लांबलेला हशा पाहुण्याच्या मालकीचा आहे.

तिसरा प्रकार मात्र अस्वस्थ करणारा आहे. कित्येकदा अपशब्द उच्चारताक्षणीच, त्याला प्रत्युत्तर मिळण्यापूर्वी, हशा उसळतो. तो आर्चीवर आहे, की मनातले कोणीतरी मोठ्याने बोलले याच्या समाधानाचा आहे, हे ध्वनीवरून ठरविता येत नाही. ज्या दृश्यांत अपमानिताची जागा रिकामी असते तेथे हे विशेषत्वाने घडते. हॉब्सन यांचा आक्षेप येथे टिकतो आणि विडमार-रोकीच यांचे निष्कर्षही येथेच समजतात. मालिकेच्या चाहत्याने हे मान्य करण्यास संकोचू नये.

ईडिथ : मालिकेचे आत्मपरीक्षण

सलग पाहताना सर्वांत मोठी दुरुस्ती ईडिथविषयीच्या स्मरणात करावी लागते. आर्ची तिला ‘डिंगबॅट’, म्हणजे बिनडोक, म्हणतो. आणि सुरुवातीच्या हंगामांत मालिकाही त्याच्या बाजूने उभी राहते. तिची धावपळ, तिचा किनरा स्वर, तिच्या लांबणाऱ्या गोष्टी यांवर आपण आर्चीसह हसतो. वर्णद्वेषावर बोट ठेवणारी मालिका पत्नीच्या अवहेलनेतून मात्र विनोद कमावते. पुरोगामी माइकही ग्लोरियाशी वागताना अनेकदा सासऱ्याच्या जवळ जातो. हे लेखकांना ठाऊक आहे, ईडिथबाबत ते उशिरा ठाऊक झालेले दिसते.

परंतु पुढील हंगामांत ही नजर बदलते. ऑक्टोबर १९७७ मधील ‘ईडिथ्स फिफ्टिएथ बर्थडे’ या भागात शेजारी तिच्या वाढदिवसाची तयारी चालू असताना घरात शिरलेला एक अनोळखी माणूस तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न करतो. ती जळता केक त्याच्या तोंडावर मारून निसटते, त्या क्षणी प्रेक्षागृहातून उठणारा आवाज हशाचा नाही. तो सुटकेचा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, स्त्रीवेषात कार्यक्रम करणारा तिचा मित्र बेव्हर्ली लासाल मारला जातो आणि ईडिथची श्रद्धाच डळमळते. आर्चीच्या लेखी जो टिंगलीचा विषय, त्याच्यासाठी ती देवाशी भांडते. सात वर्षे जिला हसलो तीच या घराचे नैतिक केंद्र होती, हे आठवड्याच्या अंतराने पाहणाऱ्याला जाणवले असेलही. सलग पाहणाऱ्याला त्यापासून सुटका नाही.

मौनाचे क्षण

मालिकेचे सामर्थ्य हशा थांबतो तेथे अधिक जाणवते. १९७३ च्या ‘आर्ची इज ब्रँडेड’ या भागात दारावर स्वस्तिकचिन्ह रंगविलेले सापडते. ते दुसऱ्याच घरासाठी असते. ज्यूंच्या रक्षणासाठी हिंसेचा पुरस्कार करणारा एक तरुण मदतीस येतो, माइकशी वाद घालतो, निघून जातो आणि त्याच्या मोटारीचा स्फोट होतो. दारात उभे राहिलेले चार चेहरे आणि शांतता, भाग संपतो.

१९७८ च्या ‘टूज अ क्राउड’ या भागात आर्ची व माइक बारच्या कोठीत अडकतात. मद्याच्या अंमलाखाली आर्ची दारिद्र्याचे दिवस सांगतो: एका पायात जोडा, दुसऱ्यात बूट, वर्गमित्रांची चिडवणूक, बापाचा मार. त्याच बापाने शिकविलेले चूक कसे असेल, असा त्याचा प्रश्न आहे. पूर्वग्रहाचे हे मूळ माइकच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांपलीकडचे आहे; आणि ज्याने सात वर्षे वाद घातला तो जावई झोपलेल्या सासऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतो. समजून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे; मालिका हा फरक सांभाळते.

समारोप

विनोदी मालिकेच्या रचनेचा एक नियम असा की, प्रत्येक भागाअखेर स्थिती मूळ पदावर यावी. सॅमींच्या भेटीनंतरही पुढच्या आठवड्यात आर्ची होता तसाच असतो. सलग पाहताना हे विस्मरण प्रथम रचनेचा दोष वाटते. विचारांती असे दिसते की, पूर्वग्रहाचे वर्तनही असेच असते. एका चांगल्या अनुभवाने तो जात नाही. सकाळी पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसतो. आर्ची-ईडिथच्या खुर्च्या १९७८ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने संग्रही घेतल्या. खुर्चीतली वृत्ती संग्रहालयात गेली असे मात्र म्हणता येत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर एकच नाही. जेथे किंमत मोजणारा माणूस दृश्यात आहे, तेथे हा विनोद पूर्वग्रह उघडा पाडतो. जेथे त्याची जागा रिकामी आहे, तेथे तो पूर्वग्रहाला आसरा देतो. दोन्ही गोष्टी एकाच मालिकेत, कधी एकाच भागात घडतात. ही मालिका वर्गात दाखविणाऱ्या अध्यापकावर म्हणूनच एक जबाबदारी येते. निवडक विनोदी तुकडे दाखवून भागणार नाही. हशा उसळला तेथे दृश्य थांबवून, ‘आपण कोणाला हसलो?’ हे विद्यार्थ्यांना आणि प्रथम स्वतःला विचारावे लागेल. डीव्हीडीने दिलेली सोय मुख्यत्वे या थांबण्याची आहे.